तारीफ आणि टॅरिफ

प्रत्येक धंद्याची एक खोड असते. सोनार दुसऱ्याच्या अंगावरचा दागिना पाहून मनातल्या मनात त्याचे वजन करतो. डॉक्टर समोरच्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारता मारता त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा न्याहाळतो. आम्हा भाषा शिकवणाऱ्यांची खोड शब्दांची. नवा शब्द कानांवर पडला की त्याचे गाव, गोत्र विचारल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

2025 सालच्या एप्रिलात असाच एक शब्द एकाएकी सर्वांच्या तोंडी झाला. टॅरिफ! लोकलच्या डब्यात टॅरिफ, केस कापायला बसलो तर तिथे टॅरिफ. आमच्या कॉलेजात तर अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांना एरवी कुणी चहालाही विचारीत नसे. त्यांच्याभोवती मधल्या सुट्टीत दरबार भरू लागला. त्यांच्या बोलण्यात टक्क्यांचा पाऊस पडे. त्या पावसात मी आपला कोरडाच राहिलो आणि घरी येऊन कोश उघडला.

कोशात मोठी गंमत सापडली. ज्या टॅरिफच्या नावाने साऱ्या आशियाच्या बाजारपेठांना घाम फुटला, तो शब्द आपल्या ‘तारीफ’चा सख्खा भाऊ निघाला! अरबी भाषेत ‘तअरीफ’ म्हणजे ओळख करून देणे, जाहीर करणे, कळवणे. हिंदीत अजून अनोळखी माणसाला ‘आपकी तारीफ?’ असे विचारतात, ते त्याने स्वतःची स्तुती करावी म्हणून नव्हे, ओळख द्यावी म्हणून. ओळख देताना माणूस गुणच सांगतो, म्हणून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेल्या तारीफेचा अर्थ स्तुती झाला. दुसरा भाऊ व्यापाऱ्यांच्या गलबतांतून भूमध्य समुद्र ओलांडून इटलीला गेला, तिथून फ्रान्सला आणि पुढे इंग्लंडला. कोणत्या मालाला किती कर पडेल हे व्यापाऱ्याला कळवणारे जे पत्रक, ते टॅरिफ.

म्हणजे या शब्दाच्या पोटात मुळात कर नाहीच, कळवणे आहे. व्यापाऱ्या, तू माल घेऊन येणार आहेस, तेव्हा इतके इतके द्यावे लागेल, ते ऐक आणि मग हवे तर ये! हा अर्थ वाचला आणि मला माझ्या मेहुण्यांची आठवण झाली.

माझे हे मेहुणे निफाड तालुक्यात राहतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. चार एकर द्राक्षबाग, दोन एकर कांदा आणि जिभेवर कुणाचाही मुलाहिजा न ठेवणारी गोदाकाठची भाषा. द्राक्षाचे पीक म्हणजे तान्हे मूल. एप्रिलात एक छाटणी, ऑक्टोबरात दुसरी. मग फुटवे काढा, घड विरळ करा, भुरीसाठी फवारे मारा, डिसेंबरात थंडी वाढली की पहाटे बागेत शेकोट्या पेटवा. ऑक्टोबरात कात्री लावली की साधारण चार महिन्यांनी घड हाती येतो. परदेशी जायचा माल तर मण्याच्या आकारापासून फवाऱ्याच्या अंशापर्यंत पारखून घेतला जातो. एवढे करून तो पेटीत बसला, पेटी थंड कंटेनरात बसली आणि कंटेनर न्हावाशेव्याच्या बंदरात बोटीवर चढला, की आबा म्हणणार, “दाजी, लेक सासरी निघाली. आता तिचं नशीब.”

2023 च्या ऑक्टोबरात आबांनी छाटणी केली तेव्हा तांबडा समुद्र शांत होता. त्याच महिन्यात गाझात युद्ध पेटले. बाग फुलोऱ्यात आली, आणि 19 नोव्हेंबरला येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात एक मालवाहू जहाज पकडले. पुढे जहाजांवर क्षेपणास्त्रे येऊ लागली. मोठमोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला आणि आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. 1869 साली सुएझचा कालवा उघडला तेव्हा मुंबई युरोपच्या किती जवळ आली हे आपण शाळेत घोकले आहे. ती मुंबई पुन्हा दूर गेली. ज्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून वास्को द गामा 1498 साली कालिकतला आला, त्याच वाटेने उलट दिशेला निफाडची द्राक्षे निघाली! प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला, भाडे कित्येक पटींनी वाढले. द्राक्ष काही लोखंड नव्हे. एकेक दिवस वाढतो तसा देठ तपकिरी पडतो, मणी मऊ होतो, आणि पलीकडचा गिऱ्हाईक पेटी उघडून आधी देठच पाहतो.

तांबड्या समुद्राच्या त्या चिंचोळ्या तोंडाचे नाव बाब-अल-मंदेब. पुन्हा कोश उघडला. अर्थ निघाला, अश्रूंचे दार! आबांना सांगितला. ते म्हणाले, “दाजी, नाव ठेवणाऱ्याने द्राक्षंच पिकवली असतील.”

द्राक्षाचे दुःख निदान परक्यांनी दिलेले होते. कांद्याचे घरचे. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात निघतो आणि चाळीत भरून ठेवतात, पुढे दिवाळीपर्यंत तो पुरवून विकायचा असतो. 2023 च्या 19 ऑगस्टला, चाळी भरलेल्या असताना, कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के कर बसला. ऑक्टोबर संपता संपता ठरले की टनाला 800 डॉलरच्या खाली विकायचे नाही. 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद. 2024 च्या 4 मे रोजी दार उघडले, पण 550 डॉलरची किमान किंमत आणि 40 टक्के कर यांना दोन्ही बाजूंना उभे करून. सप्टेंबरात किमान किंमत गेली, कर 20 टक्क्यांवर आला. 1 एप्रिल 2025 पासून तोही गेला. वीस महिन्यांच्या आत नियम सहा वेळा पालटला! एवढ्या अवधीत उन्हाळ कांद्याची दोनच पिके निघाली. पिकापेक्षा हुकूम तिप्पट पिकले.

आता कुणी म्हणेल, प्राध्यापक महाशय, तुम्ही राहता शहरात, पिशवी घेऊन मंडईत जाता. कांदा शंभराच्या घरात गेला की तुमच्याच घरी भजी बंद होतात. सरकारने निर्यात अडवली ती तुमच्याचसाठी ना? हा आक्षेप खरा आहे. आमच्याच घरात त्याचे दोन पक्ष आहेत. सौभाग्यवती भावाची बहीणही आहे आणि घरखर्चाची वही लिहिणारीही आहे. भाव चढला की ती आबांसाठी हसते आणि वहीपुढे कपाळाला आठ्या घालते. तेव्हा कर हाच मुळी वाईट, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे त्याला फार थोर दाखला आहे. 1671 साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या नरहरी आनंदरावांना मिठाविषयी पत्र लिहिले होते. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडू लागले, तर व्यापारी सारे तिकडे वळतील आणि संगमेश्वराकडचे आपले मीठ पडून राहील. तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवा की ते महाग पडावे, असा त्याचा आशय. राज्यकर्त्याने आपल्या मीठवाल्याची काळजी करावी, त्यासाठी परक्या मालावर जकात घ्यावी, यात गैर काय?

माझे म्हणणे निराळे आहे. जड करापेक्षा चंचल कर अधिक मारतो. पाठीवरचे ओझे किती हे हमालाला ठाऊक असले की तो तोल सांभाळतो. चालता चालता कुणी मागून गोणी चढवू लागला आणि उतरवू लागला, तर हलक्या गोणीनेही तो पडेल. मालाला पिकायला वेळ लागतो, विणायला लागतो, समुद्र ओलांडायला लागतो. हुकुमाला एक रात्र पुरते. या दोन वेळांच्या मध्ये जो सापडतो तो मरतो, आणि तो बहुधा लहान माणूस असतो.

हे दुःख सीमेपलीकडेही तसेच आहे. 2019 च्या सप्टेंबरात आपण कांद्याची निर्यात अशीच एकाएकी थांबवली होती. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या. व्यापाऱ्यांच्या सभेत त्या हसत हसत म्हणाल्या की, मी आमच्या स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगितले आहे. त्यापुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला अधिक मोलाची वाटते. आधी कळवले असते तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती, असे त्या म्हणाल्या. कांदा द्याच, असा हट्ट त्यांनी धरला नाही. कळवा, एवढेच मागितले. शब्दाच्या मूळ अर्थाने त्यांनी टॅरिफच मागितले होते!

आणि 2025 साली काय झाले? 2 एप्रिलला अमेरिकेच्या अध्यक्षांनी देशोदेशींच्या करांचा फलक जगाला दाखवला. कंबोडियाला 49 टक्के, व्हिएतनामला 46, श्रीलंकेला 44, बांगलादेशाला 37, आपल्याला 26. आठवडाभरात यातल्या बहुतेकांना नव्वद दिवसांची तहकुबी मिळाली. चीनवर मात्र त्याच महिन्यात आकडा 145 पर्यंत चढला आणि मे महिन्यात 30 वर उतरला. ऑगस्टात व्हिएतनाम, श्रीलंका, बांगलादेश 20 वर आले, कंबोडिया 19 वर. एप्रिलात या साऱ्यांच्या खाली असलेले आपण मात्र 7 ऑगस्टला 25 वर आणि 27 ऑगस्टला 50 वर पोहोचलो. हे वरचे 25 रशियाचे तेल घेतो म्हणून. युद्ध रशिया-युक्रेनचे, कर वॉशिंग्टनचा, आणि गिऱ्हाईक तुटले तिरुपूरच्या बनियन शिवणाऱ्याचे, सुरतेच्या हिरे पैलू पाडणाऱ्याचे, आंध्रातल्या कोळंबीवाल्याचे! ढाक्याचा शिवणकामगार एप्रिलात रडत होता, तो ऑगस्टात आपल्याकडे पाहून निःश्वास टाकीत असेल. शेजाऱ्याच्या घराला आग लागल्यामुळे आपल्या घरात उजेड पडावा, अशी ही जीवघेणी स्पर्धा.

ती 27 ऑगस्ट म्हणजे त्या वर्षीची गणेश चतुर्थी. गौरीच्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी दर्शनाला आली. बी. ए. झाल्यावर ती अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांच्या एका कारखान्यात लागली. खडे जडवण्याच्या विभागात हिशेब ठेवते. तिथला बराच माल अमेरिकेला जातो. म्हणाली, “सर, महिनाभर रात्रपाळ्या होत्या. तारखेच्या आत माल गेलाच पाहिजे म्हणून. आता टेबले रिकामी आहेत. कारागीर येतात, बसतात आणि जातात.” मी म्हटले, “तुम्हाला आधी काही कळले नव्हते?” ती हसली. “कळते तर, सर! मोबाइलवर सगळे मालकांच्या आधी कळते. पण कळून करायचे काय? नवे गिऱ्हाईक काय तीन आठवड्यांत मिळते?”

तिचे ते वाक्य ऐकून मला वाटले, सारा घोटाळा एका प्रत्ययात आहे. कळणे वेगळे, कळवणे वेगळे. कळणे हे वीज कोसळल्यासारखे असते. आवाज येतो तेव्हा झाड पडलेले असते. कळवण्यात समोरच्या माणसाचा विचार असतो. त्याला हातपाय हलवायला अवधी असतो. जुन्या काळी कळायलाच वेळ लागे. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईत कापसाचे सोने झाले. समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. 1865 च्या वसंतात ते युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि प्रेमचंद रायचंदांसारखा कापूस बाजाराचा राजा त्याच्याबरोबर खाली आला. दूरच्या युद्धाचा नफाही आपला नसतो. तो पाहुण्यासारखा येतो आणि घरातली भांडी घेऊन जातो. आता युद्धाची बातमी क्षणात येते. सावरायला वेळ मात्र तेव्हाइतकाच लागतो, कारण वेल अजूनही चार महिन्यांनीच पिकतो.

युद्धे थांबवणे आबांच्या हाती नाही, माझ्या तर नाहीच. कोणत्या मालावर किती कर असावा, हे ठरवण्याइतके अर्थशास्त्रही मला येत नाही. परंतु एक साधी गोष्ट सर्व राजधान्यांना पाळता येण्यासारखी आहे. कांद्यावरचा कर बदलायचा तर निदान कांदा चाळीतून निघेपर्यंत थांबावे. द्राक्षावरचा बदलायचा तर छाटणीपूर्वी सांगावे. पाण्यावर तरंगत असलेल्या मालाला जुना दर लावावा. एवढे केले तरी व्यापारी अर्धे दुःख हसत सोसतील.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लासलगावच्या अडत्यापासून मुंबईच्या पेढीवाल्यापर्यंत सारे नव्या वहीची पूजा करतात. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि ‘शुभ लाभ’ लिहितात. ‘शुभ हानी’ कुणी लिहीत नाही, पण पुढल्या पानांवर हानीला जागा असते. व्यापारी तिला भीत नाही. कर किती, भाडे किती, तूट किती, हे सारे त्या वहीत मांडता येते. मांडता येत नाही ते एकच: उद्या सकाळी बदलणारा आकडा. त्या रकान्यात काय लिहावे, हे अजून कोणत्याही मुनीमजींना सुचलेले नाही.