पाय बरा झाला, हे कोणी ठरवायचे?

मोडलेला पाय बरा झाला की नाही, हे मोजायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. मुकादम विचारतो, कामावर कधी येतोस? शेजारी म्हणतात, चालतोय की, मग झाला बरा. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरतात आणि सांगतात, हाड जुळत आलंय. घरातली बाई मात्र बघते, हा माणूस संडासला कसा बसतो.

आमचा थोरला भाऊ गवंडीकाम करतो. २०२२ च्या ऊस हंगामात अकलूजजवळच रात्री त्याची मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना चमकपट्टी. मांडीचे हाड मधोमध मोडले. सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई बसवली. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. हाल झाले ते पुढच्या तपासणीचे. दर खेपेला एसटीचे भाडे, सोबतीला एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडालेली. एकदा तर एक्स-रेचे मशीन बंद. बाहेरून काढून आणा म्हणाले. तो आणला, दोन मिनिटे पाहिला, "ठीक आहे, चालत राहा." दादाला खाली बसता येते का, हे कोणीच विचारले नाही. अन् गवंड्याचे निम्मे काम उकिडवे बसूनच असते. फरशी काय उभ्याने बसवायची?

चौथ्या महिन्यात एका तरुण डॉक्टरांनी सांगितले, "दादा, बसून दाखवा." दादाने खाटेची दांडी धरली, अर्ध्यावर गेला आणि तोंड वेडेवाकडे झाले. हाड जुळत होते, पण गुडघा आखडला होता आणि मांडीतले बळ गेले होते.

या साध्या बसण्याची आता जगात रीतसर चाचणी झाली आहे, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळले. अमेरिकेतील डॉ. लुईस झर्कल यांनी व्हिएतनाम युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम केले होते. गरीब देशांत मोडक्या पायांचे होणारे हाल पाहून त्यांनी १९९९ मध्ये 'साइन' नावाची संस्था काढली. शस्त्रक्रिया चालू असताना हाड दाखवणारे महागडे यंत्र नसले तरी बसवता येईल अशी सळई ही संस्था देते. रुग्ण नंतर तपासणीला आला, की त्याला उकिडवे बसवून हसायला सांगतात आणि फोटो काढतात. मग तीन गोष्टी पाहतात: किती खाली बसला, आधार लागला का, चेहऱ्यावर कळ दिसते का. टांझानियात दार-ए-सलाम येथे मांडी मोडलेल्या रुग्णांवर ही चाचणी पडताळूनही पाहिली आहे. खर्च म्हणाल तर एका फोटोचा.

आपल्या देशाला खाली बसण्याचे मोल नवे नाही. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास कृत्रिम पाय घडवला, तोच मुळी माणसाला उकिडवे बसता यावे, अनवाणी चालता यावे म्हणून. आम्हाला त्यात कारागिराचे नाव आधी घ्यावेसे वाटते.

पण म्हणून एक्स-रे टाळू नका. हाड चारही बाजूंनी धरले का, हे समोरून आणि बाजूने काढलेल्या फोटोतच दिसते. डॉक्टरांनी पायावर भार द्यायला परवानगी देण्याआधी कोणी बसायची घाई करू नये. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे आधीच झिजलेले असतील तर ही चाचणी त्याला लावता येत नाही. काही जण डॉक्टरांसमोर भिडेपोटी कळ गिळून हसतात, तेही खरे. मोडल्या जागी महिनोन्‌महिने दुखत राहिले, सूज आली, टाक्यांतून पाणी येऊ लागले, तर बसता येत असले तरी दवाखाना गाठावा. बिडीनेही हाड जुळायला उशीर लागतो. दादाची बिडी वहिनीने त्याच महिन्यात बंद केली.

पुढे रोज सकाळ-संध्याकाळ पलंगाचा पाय धरून थोडे थोडे खाली, असे चालले. मधल्या काळात घर चालले ते वहिनीच्या खुरपणीच्या मजुरीवर. मुकादमाने दादाच्या जागी दुसरा गडी घेतला होता. नवव्या महिन्यात दादाने दुसरीकडे फरशीचे काम धरले. उठताना अजून एक हात जमिनीला टेकवतो. वहिनी म्हणते, तेवढे चालेल.