रोजा आणि नळी

मामू घोटीतल्या एका भाताच्या गिरणीचा टेंपो चालवायचे. 2007 च्या रमजानमधली गोष्ट. नाशिकला तांदूळ टाकून आम्ही परतत होतो. क्लीनरच्या जागेवर मी. इफ्तारला तासभर अवकाश होता. घोटीच्या अलीकडे मुंबई-आग्रा महामार्गावर एका हवालदाराने हात दाखवला. त्याच्याजवळ श्वास तपासायचे यंत्र होते.

मामूंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. म्हणाले, "साहेब, रोजा आहे. नळी तोंडात घालता येत नाही."

हवालदार ओशाळला. "असू द्या चाचा. उपवास मोडायला नको. सावकाश जा."

मामूंचा रोजा नव्हता. दुपारी माल उतरवून ते कुठे गेले होते, मला ठाऊक होते. ते वेलची चघळत होते. रोजेदार वेलची कशी चघळेल, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानात आले नाही. शिवाय नळीत फुंकल्याने रोजा तुटत नाही. पोटात काही जातच नाही. हे मी सांगू शकलो असतो. मी पायाशी बघत राहिलो.

गावात शिरताना शाळा सुटलेली पोरे रस्ता ओलांडत होती. ब्रेक उशिरा लागला. टेंपो हातभर अंतरावर थांबला. एक मुलगी दप्तर छातीशी धरून तशीच उभी राहिली.

पुढे एका वकिलांकडे कारकुनी करताना 1988 चा मोटार वाहन कायदा हाती आला. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त मद्य सापडले तर गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तेव्हा दोन हजारांपर्यंत दंड. 2019 पासून दहा हजार. फुंकायला नकार दिला आणि पोलिसाला संशय असला, तर कलम 203 प्रमाणे वॉरंटाशिवाय अटक. कलम 205 म्हणते, वाजवी कारण दाखवले नाही तर नकारच आरोपीविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो.

वाजवी कारण! मामूंनी अल्लाहचेच नाव पुढे केले होते. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला मोटारीखाली दोन तरुण गेले, चालवणाऱ्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला. पैसेवाल्यांची तऱ्हा, असे सगळे म्हणाले. मला मामूंची टोपी आठवली.

त्या संध्याकाळी अम्मीने भावापुढे पहिली खजूर ठेवली. अजान होईपर्यंत मामू ती हातात धरून बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि खाल्ली.