वाऱ्याची वाट

टेबलावर पुठ्ठ्याची एक लांबच लांब पट्टी पडली आहे. लांबी १७० सेंटिमीटर, रुंदी जेमतेम २.४. दोन्ही कडांना खालून ५ मिलिमीटर उंचीच्या उभ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. एका टोकाला धरून उचलली की ती दुधीच्या वेलासारखी लवते. टॅकोमा नॅरोज पुलाचा मधला गाळा मी १:५०० या प्रमाणात करतो आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, प्युजेट साउंड या खाडीच्या एका चिंचोळ्या भागावर १ जुलै १९४० रोजी खुला झालेला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पाण्यात गेलेला झुलता पूल. आयुष्य चार महिने आणि थोडे दिवस.

आकडे वाचणं वेगळं आणि कात्रीनं कापणं वेगळं. गाळा २,८०० फूट, रुंदी ३९ फूट, हे मला कधीचं पाठ होतं. पण पट्टी कापताना ते प्रमाण बोटांना कळलं. रुंदीच्या बहात्तर पट लांबी! मूळ आराखड्यात रस्त्याला आधार द्यायला २५ फूट खोलीची जाळीदार कैची होती. लिओन मॉइसेफ या नामांकित अभियंत्यानं तिच्या जागी अवघ्या ८ फूट खोलीच्या भरीव पोलादी तुळया सुचवल्या. खर्च कमी होणार होता आणि पूल सडपातळ दिसणार होता. त्या सडपातळपणाचा मोह मला समजतो. चिकटवलेली पट्टी मी पुन्हा पुन्हा डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहतो. पेन्सिलीनं एका दमात ओढलेली रेघच जणू.

पुलाच्या दोरासाठी आईच्या शिवणाच्या डब्यातलं रीळ घेतलं. एक टोक तिच्या हातात दिलं. मी ओढून बांधायला लागलो, तशी ती म्हणाली, “ताणू नकोस रे. त्याचा त्याला उतरू दे.” दोरा सैल सोडला आणि दोन मनोऱ्यांमध्ये त्यानं आपला झोळ आपणच घेतला. त्याला एकेक उभा दोरा बांधत, खाली रस्ता टांगत तीन संध्याकाळी गेल्या. शेवटची गाठ मारल्यावर मी फुंकर घातली. पट्टी शहारली.

खरा पूल बांधत असतानाच असा शहारायचा. कामगारांनी त्याला ‘गॅलपिंग गर्टी’, म्हणजे दौडणारी गर्टी, असं नाव ठेवलं होतं. रस्ता लाटेसारखा वरखाली व्हायचा, पुढची मोटार खळग्यात दिसेनाशी होऊन पुन्हा वर यायची. लोक मुद्दाम ती मौज अनुभवायला यायचे.

एका माणसाला मात्र त्यातली मौज दिसत नव्हती. वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक एफ. बी. फार्कहरसन यांनी या पुलाचं १:२०० प्रमाणातलं मॉडेल केलं, रस्त्याच्या एका तुकड्याचं त्याहून मोठं मॉडेल करून ते वाऱ्याच्या झोतात धरलं. भरीव तुळयांना भोकं पाडा, नाहीतर वारा वळवणारे पत्रे बसवा, असा उपाय त्यातून निघाला. तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता आणि पुलाच्या हाती मोजके दिवस उरले होते.

७ नोव्हेंबरच्या सकाळी वारा ताशी ४२ मैलांचा होता. याहून कितीतरी जोराच्या वाऱ्याच्या सरळ दाबाचा हिशेब पुलासाठी झालेला होता. पण भरीव तुळईवर आपटलेला वारा वरून-खालून भोवरे करत निघतो. दहाच्या सुमारास मध्यावर पुलाच्या पोलादी दोराला आवळलेला एक पट्टा सरकला आणि वरखाली होणारा रस्ता पिळवटू लागला. प्रत्येक पिळासरशी वाऱ्याला नवी पकड मिळत गेली. पूल स्वतःच्या हालचालीनंच वाऱ्याकडून अधिकाधिक बळ ओढून घेत होता. अनेक पुस्तकांत याला साधा अनुनाद म्हटलंय, पण खरी गोष्ट ही आहे.

लेनर्ड कोट्सवर्थ नावाचा पत्रकार मोटार सोडून हातापायांवर रांगत बाहेर पडला. मोटारीत त्याचा टबी नावाचा कुत्रा राहिला. त्याला आणायला फार्कहरसन स्वतः गेले. रस्त्याच्या मधोमध हालचाल सर्वांत कमी असते, हे जाणून ते मधल्या रेषेवरून चालले. भेदरलेला टबी त्यांना चावला, बाहेर काही आला नाही. अकराच्या सुमारास गाळा कोसळला. माणूस एकही दगावला नाही. टबी गेला.

माझ्या प्रमाणात ती मोटार म्हणजे एकापुढे एक ठेवलेले ज्वारीचे दोन दाणे. ती मी केली आणि मधल्या रेषेशेजारी चिकटवली. हात थोडा थरथरला.

पुठ्ठ्याचं मॉडेल खऱ्या पुलासारखं वागणार नाही, हे मला ठाऊक आहे. पुठ्ठ्याचं वजन आणि ताठपणा वेगळा, माझा टेबलफॅन वेगळा. तरी मॉडेल करण्याचं मोल मला इथे कळलं. आपण काय विसरलो, ते लहान वस्तू स्वस्तात सांगते. अट एकच, तिला वेळेवर विचारलं पाहिजे. फार्कहरसनांच्या मॉडेलचं उत्तर बरोबर होतं, पण त्याला प्रश्न विचारला गेला तेव्हा पूल उभा राहून चुकला होता.

त्याच जागी दुसरा पूल बांधण्याआधी त्याचं मॉडेल वाऱ्यात उभं केलं गेलं. १४ ऑक्टोबर १९५० रोजी तो खुला झाला. त्याची कैची ३३ फूट खोल आणि जाळीदार आहे, रस्त्यातही वारा जायला फटी ठेवल्या आहेत. तो आजही उभा आहे.