पंचेचाळीस हर्ट्झ

सदाशिव पेठेत गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की आधी पोरांचा ‘ओऽऽ’ ऐकू येतो आणि मग माझ्या मामांच्या अभ्यासिकेतला जनरेटर खोकत सुरू होतो. पेरूगेटजवळच्या एका इमारतीचा पहिला मजला. साठ खुर्च्या, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी साठ पोरं-पोरी.

जनरेटर लोडशेडिंगच्या काळातला. २००६ मध्ये पुण्याने एक युक्ती केली होती : कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवायचे, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळणार, आणि जादा खर्च महिन्याला ३०० युनिटांच्या वर वीज वापरणाऱ्यांनी उचलायचा. ‘पुणे मॉडेल’ म्हणतात ते हेच. पण मामांनी त्याआधीच जनरेटर घेऊन टाकला होता. घेतलाय तर वापरायचा, असा त्यांचा हिशोब.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण आमच्या घरात इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. मिक्सर बिघडला तरी मलाच फोन येतो.

एप्रिलमध्ये मामांचा फोन आला, “दिवे मंद जळतायत रे. रेग्युलेटर गेला वाटतं. बघतोस का येऊन?”

कॉलेजातला मल्टिमीटर घेऊन गेलो. २३० च्या जागी २०० व्होल्ट. आता हा रेग्युलेटर, म्हणजे एव्हीआर, काय करतो? बाहेर पडणारं व्होल्टेज तो सतत मोजत असतो. कमी झालं की आतल्या फिरत्या चुंबकाचा जोर वाढवतो, जास्त झालं की कमी करतो. अंघोळीला गरम-गार नळ आपण जसे पुन्हापुन्हा फिरवतो, तसंच, फक्त फार वेगात. अल्टरनेटरचं झाकण उघडलं. तळहाताएवढी पाटी, तिच्यावर एक बारीक स्क्रू आणि शेजारी लिहिलेलं : व्होल्ट. फिरवला. २१०, २२०, २३०. दिवे लख्ख. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मामींनी चहात आलं जरा जास्तच घातलं. दहा मिनिटांचं काम. त्या आठवड्यात ऑफिसात मी हे चार जणांना तरी सांगितलं असेल.

दोन आठवड्यांनी मिस्त्रीकाका नेहमीच्या सर्व्हिसिंगला येऊन गेले. ऑइल बदललं, डिझेल फिल्टर बदलला.

पुढच्या गुरुवारी वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि दोन मिनिटांत सहा एलईडी ट्यूब गेल्या. राउटर गेला. बीडहून आलेल्या एका मुलाच्या लॅपटॉपमधून जळका वास आला आणि पडदा काळा झाला. त्याची मुख्य परीक्षा अठरा दिवसांवर होती. तो ओरडला नाही की काही बोललाही नाही, नुसता बटण दाबत राहिला.

एव्हीआर जळाला, हे मी मनात ठरवूनच टाकलं. तपकीर गल्लीत जाऊन नव्याची किंमतही विचारून आलो. मिस्त्रीकाका आले, झाकण उघडलं आणि त्या स्क्रूकडे बघत बसले. कारखान्यातून येताना त्यावर लाल रंगाचा ठिपका असतो. तो तुटलेला होता.

“हे कोणी फिरवलं?”

“मी.”

“तेव्हा हर्ट्झ किती होते?”

माझ्या मीटरच्या चकतीवर हर्ट्झचा खटका आहे. सात वर्षांत मी तो एकदाही वापरला नव्हता.

काकांनी सगळा लोड काढला, जनरेटर सुरू केला. ५० हर्ट्झ, २६५ व्होल्ट. मग गव्हर्नरचा स्क्रू सैल करून इंजिन हळूहळू मंद केलं. २३० व्होल्ट दिसले तेव्हा हर्ट्झ होते ४५. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी माझा बग माझ्याच समोर रिप्रोड्यूस केला.

चार पोलचा अल्टरनेटर मिनिटाला १५०० फेरे फिरला तर ५० हर्ट्झ मिळतात. एप्रिलमध्ये फिल्टर तुंबला होता, लोड आला की इंजिनला डिझेल पुरत नव्हतं आणि ते मंदावत होतं. वेग एका मर्यादेखाली गेला की एव्हीआर मुद्दामच व्होल्टेज उतरवतो, इंजिनवरचा भार हलका व्हावा आणि स्वतःचं वाइंडिंग तापू नये म्हणून. थोडक्यात, तो बिचारा नेमून दिलेलं काम करत होता. मी त्याला बिघडलेला समजून वर ढकललं. नवा फिल्टर आला, वेग पूर्ववत झाला, माझा स्क्रू मात्र तिथेच राहिला.

“इंजिनिअरसाहेब, आधी इंजिन बघायचं, मग वीज,” काका म्हणाले. त्यांनी वेग पुन्हा ५० वर आणला, स्क्रू उलटा फिरवून २३० लावले, हीटर चालू-बंद करून काटा किती हलतो ते पाहिलं. जेमतेम हलला. एव्हीआर ठणठणीत. स्क्रूवर मामींची नेलपॉलिश लावली.

मामांना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ट्यूबचे राहू दे, त्या पोराचं बघ.” लॅपटॉपचा अडॅप्टर आणि आतला एक भाग बदलला. नोट्स शाबूत होत्या. पैसे मी भरले.

लॅपटॉप हातात देताना त्याने विचारलं, “दादा, नक्की काय झालं होतं?”

“व्होल्टेज वाढलं होतं,” मी म्हणालो.

पेपर होऊ देत, मग नीट सांगू, असं ठरवलं होतं. पेपर होऊन चार महिने झाले. तो अजून खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत बसतो आणि मी दिसलो की हात करतो.