बोराएवढं डोकं

कोजागरी जवळ आली की आमच्या शहापुरात कुंभाराच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची. भुलाबाई नि भुलोजींची धडं ओळीनं सुकत पडलेली असायची. मांडीवर गणपती, अंगावर दागिने, पण मानेच्या वर काही नाही. डोकी आजी मागाहून बसवायची. ती कुंभाराची आई, पण सारं गाव तिला आजीच म्हणे. धडं साच्यातून निघत, डोकी मात्र ती हातानं करायची. बोराएवढा गोळा उचलायचा, बोटांत दोनदा फिरवायचा, बाभळीच्या काट्यानं चार ठिकाणी टोचायचं, की तो गोळा आपल्याकडं पाहू लागायचा.

मी तेव्हा सातवीत होतो. शाळा सुटली की दप्तरासकट तिथं जाऊन बसायचो. एक दिवस तिनं गोळा माझ्या हातावर ठेवला.

"पाहून का पोट भरते का रे बाबू? कर."

मी केलं. दाबून दाबून चपटी टिकली झाली. वरच्या बाजूला दोन भोकं, मधे नाकाचा गोळा चिकटवलेला, खाली नखानं ओढलेली चीर. आजीनं ते उलटंपालटं केलं.

"हे मानसाचं डोस्कं होय का पापड? मांगं काईच नाई ना रे याले."

मग तिनं माझाच हात माझ्या डोक्यावर ठेवला. टाळूपासून हनुवटीपर्यंत वितीनं मोजायला लावलं. "आता सांग, डोरे कुठं आले?" डोळे बरोबर मधोमध आले. मला खरंच वाटेना. मी दोनदा मोजलं, मग आजीच्या नातवाचं मोजलं. तिथंही मधोमधच. माणसाला चेहरा दिसतो, कपाळ नि टाळू दिसतच नाही, म्हणून नवशिक्याचे डोळे नेहमी वर चढतात. हे मला पुढं कळलं, तेव्हा नुसतं नवल वाटलं.

त्या महिन्यात मी जे शिकलो ते असं. माती गावतळ्यातली. ती वाळवायची, कुटायची, भिजवायची, फडक्यातून गाळायची. बारका खडा राहिला तरी बोराएवढ्या डोक्यात तो धोंड्यासारखा येतो. आधी अंड्यासारखा गोळा करायचा, पुढून अरुंद, मागून फुगीर. डोळे आधी काढायचे नाहीत, डोळ्यांची घरं काढायची. दोन्ही करंगळ्यांनी एकदमच दाबायचं, म्हणजे मधे नाकाचा दांडा आपोआप उभा राहतो. त्या घरांत मोहरीएवढे दोन गोळे बसवायचे. त्यांवर केसासारखी बारीक वळी ठेवली की पापणी झाली. कान भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत, नि वाटतो त्याहून बराच मागं. मान खुंटीसारखी सरळ रोवायची नाही. माणसाची मान पाठीतून निघून पुढं झुकते.

आणखी एक गोष्ट ती सांगायची. "लहान डोस्क्यात थोडं खोटं बोलाव लागते." आहे तेवढंच खोल केलं तर चार हातांवरून काहीच दिसत नाही. डोळ्याचं घर जरा जास्त खोल, नाक जरा जास्त धारदार, म्हणजे बाकीचं काम उजेड नि सावली करतात. पण खोटं किती बोलायचं ते हातालाच कळलं पाहिजे. मी एक रेघ जास्त ओढायचो नि भुलाबाई एकदम म्हातारी व्हायची.

घरी हे खपण्यासारखं नव्हतं. आम्ही धानाचे शेतकरी. बाबांना पानठेल्यावर कुणीतरी विचारलं, "पोट्टा कुंभार झाला म्हनते?" त्या रात्री बाबा जेवताना म्हणाले, "नांगराची माती वेगळी नि चाकाची वेगळी. आपण नांगराचे." पुढं काही बोलले नाहीत. खिशात दडवलेली माझी तीन डोकी मात्र सकाळी गोठ्यात सापडली. बैलाच्या खुराखाली गेलेली. कुणी टाकली हे मी विचारलं नाही. आई माझ्याकडं न पाहता शेण गोळा करत होती.

तरी मी जातच राहिलो. आता लपून. दिवाळीच्या पणत्यांसोबत आव्यात भाजायला म्हणून मी माझी वेगळी डोकी करू लागलो. भुलाबाईची नाहीत, साधी माणसांची. अकरा झाली. आजी एकेक उजेडाकडं धरून पाहू लागली. चार-पाच पाहून झाल्यावर थांबली.

"सगळ्याइले हा खड्डा कायले पाडते रे तू?"

"कोणता खड्डा?"

तिनं काट्यानं दाखवलं. डाव्या कानशिलाच्या वर, प्रत्येक डोक्याला, बोटाच्या टोकाएवढा दाब. अकराच्या अकरा डोक्यांना. मी तो मुद्दाम पाडला नव्हता. मला ठाऊकही नव्हतं. पण पाहिला नि अंगावर काटा आला, कारण तो खड्डा मला ओळखू आला. बाबांचा होता. मी लहान असताना रोवणीच्या दिवसांत गोऱ्ह्यानं त्यांना शिंग मारलं होतं. तेव्हापासून डाव्या कानशिलावर हाड दबलेलं. वरून केस असल्यानं ते कुणाला दिसत नसे. पण दर रविवारी आंघोळीआधी मोहाच्या टोळीचं तेल त्यांच्या डोक्याला मी लावायचो. डोळ्यांनी कधी न पाहिलेलं माझ्या बोटांनी पाठ केलं होतं. आयुष्यात मी हात लावून पाहिलेलं मोठ्या माणसाचं डोकं ते एकच.

आजी हसली नाही. म्हणाली, "मंग नीट तरी पाहून ये. अर्धंच आनलं तू."

रविवारी तेल लावताना मी सावकाश बोटं फिरवली. कानामागं गाठीसारखं हाड असतं. डोकं मागं किती लांब जातं नि मग मानेशी एकदम खोल उतरतं. दोन शिरांच्या मधे एक पन्हाळ असते. बाबा डोळे मिटून बसले होते.

"तेल लावते का माप घेते?"

मी गप्प.

"त्या म्हातारीनं सांगतलं असन."

"हो."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. आता उठतील नि चार ठेवून देतील असं वाटलं. मग त्यांनी मान जराशी पुढं वाकवली.

"घे मंग बरोबर. मांगचंही घे."

पुढं कधी त्यांनी मला कुंभाराकडं जा म्हटलं नाही, की जाऊ नको म्हटलं नाही. स्वतः त्या ओसरीवर ते कधी चढले नाहीत. आव्यातून अकरापैकी सहा डोकी धड निघाली. बाकीची आतून ओली होती, तडकली. मी मूर्तिकार झालो नाही. नोकरीमागं बाहेर पडलो.

फार वर्षांनी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहिलं. सातवाहनांच्या काळातल्या मातीच्या नि केओलिनच्या लहान लहान मूर्ती. पुढचा एक नि मागचा एक असे दोन साचे जोडून त्या काळी मूर्ती करत. धडापासून सुटलेलं डोकं दिसलं की मला आजी आठवे. मान हीच कच्ची जागा, म्हणायची ती. म्हणून धडात सिंदीची काडी रोवायची, दोन्ही बाजू काट्यानं खरवडायच्या, मधे पातळ चिखल लावायचा नि मगच डोकं बसवायचं. गुळगुळीतावर गुळगुळीत चिकटत नाही.

बाबा गेले त्या दिवशी शेवटच्या आंघोळीला डोक्याला तेल लावायचं काम माझ्याकडं आलं. केस उरले नव्हते. खड्डा आता सगळ्यांनाच दिसत होता. बोटं सवयीनं तिथं गेली नि थांबली.

सहापैकी एक डोकं अजून घरच्या देवळीत आहे. ते काही बाबांसारखं दिसत नाही. नाक जाड झालंय, एक कान वर चढलाय. खड्डा तेवढा बरोबर जागी आहे. दिवे गेलेले असले तरी बोटाला सापडतो.