चिंगीची परीक्षा

मैत्रिणींनो, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी एका परीक्षेला बसले आणि सपशेल नापास झाले. तीही एका कुत्रीबरोबर! दोरीच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला ती.

आम्ही १९९९ पासून न्यू जर्सीत, एडिसन गावात राहतो. एकुलती एक लेक २०२२ मध्ये कॉलेजात गेली आणि घर एकदम मोठं झालं. जिनं पोरगी पाठवली आहे तिला हे सांगायला नको. २०२३ च्या मार्चमध्ये सुट्टीला आली तेव्हा ती आणि तिचे बाबा मला न सांगता निराधार प्राण्यांच्या आश्रमातून एक पिल्लू घेऊन आले. चार महिन्यांचं, कान उभे, बाप कोण, आई कोण, कुणालाच ठाऊक नाही. "आई, तुला सोबत," म्हणाली. मी जन्मात कुत्रं पाळलं नव्हतं. दोन दिवस मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तिसऱ्या दिवशी त्याचं नाव चिंगी ठेवलं. आता पूर्ण वाढूनही वजन चार किलोच्या आत आहे. आपल्याकडे दिवाळीला एवढ्या वजनाचा चिवडा होतो!

चिंगी भुंकायची फार, म्हणून शिकवणीला घातली आणि तिथून ह्या रॅली प्रकरणात अडकले. 'रॅली ओबिडियन्स' म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. मोटारींच्या रॅलीत जशी वाटेवर खुणा पाहत गाडी न्यायची, तशी इथे पाट्या वाचत कुत्र्याला न्यायचं. मोठ्या दालनात किंवा मैदानावर क्रमांक घातलेल्या पाट्या मांडलेल्या असतात. पहिल्या पायरीला दहा ते पंधरा. पाटीवर लिहिलेलं असतं, थांबा आणि कुत्र्याला बसवा, कुत्र्याला बसवून त्याच्याभोवती फिरा, सावकाश चाला, पळा. कुत्रं आपल्या डाव्या हाताला आणि दोरी ढिली. एका पाटीला तीन शंकूंभोवती फेरे घालायचे असतात. मारुतीच्या देवळात प्रदक्षिणा घातलेल्या बाईला त्यात नवीन काही नाही. पण "डावीकडे २७० अंश वळा" म्हटल्यावर मात्र माझी भंबेरी उडायची. मी बी. एस्सी. झालेली, पण वळता वळता डावं कुठलं नि उजवं कुठलं हेच समजेना.

शंभर गुण घेऊन आत जायचं आणि चुकाल तसे ते कापले जायचे. दोरी ताणली की प्रत्येक वेळी एक, पाटी पुन्हा केली तर तीन, सपशेल चुकली तर दहा. सत्तरला पास. असं तीन वेळा आणि निदान दोन वेगळ्या परीक्षकांपुढे पास झालं की पहिली पदवी मिळते. ही पदवी देते अमेरिकन केनेल क्लब ही १८८४ सालची जुनी संस्था. तिनं २००५ पासून ह्या स्पर्धांना पदव्या द्यायला सुरुवात केली. पूर्वी तिच्या ह्या स्पर्धा खानदानी कुत्र्यांच्याच असत, २०१० पासून आमच्या चिंगीसारख्या कुळशील नसलेल्यांनाही प्रवेश मिळाला.

मिरजेहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, कुत्रं ते! त्याला कसले आलेत मार्क?" मला वाटतं, त्यांचंही चुकत नव्हतं.

पण बायांनो, लहान कुत्रं शिकवणं हे मोठ्यापेक्षा कठीण. मोठ्याचं तोंड आपल्या हाताशी येतं. चिंगीला खाऊ द्यायचा तर प्रत्येक वेळी कमरेत वाकायचं, आणि आपण वाकलो की ती घाबरून मागे सरणार. शिकवणाऱ्या बाईंनी मला एकदा जमिनीवर आडवं पडून बघायला सांगितलं. पडले. तिथून माणसाचं पाऊल केवढं दिसतं म्हणता! माझी सलवार तिच्या नाकावर फटाफट आपटत होती, म्हणून ती लांबून चालायची, आणि मी समजत होते की हट्टी आहे. दुसऱ्या दिवसापासून मी अंगासरशी पँट घालायला लागले. खाऊसाठी बाईंनी युक्ती दिली ती तुम्हालाही सांगून ठेवते: लाकडी डावाला टोकाशी शेंगदाण्याचं लोणी फासायचं आणि तो डाव डाव्या पायाजवळ धरून ताठ चालायचं. (लोण्याच्या बाटलीवर 'झायलिटॉल' नाही ना, ते बघून घ्यायचं. ते कुत्र्याला विष. कांदा, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणेसुद्धा. लाडवातला बेदाणाही देऊ नये.) बाकीचा खाऊ तुरीच्या दाण्याएवढा, नाहीतर एवढ्याशा पोटाचं जेवण सरावातच होऊन जातं. आमच्या घरात अंडंही शिजत नसे. आता गॅरेजात वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात कोंबडी उकडते! ह्यांनी पातेल्याकडे एकदा पाहिलं आणि पेपर वाचायला लागले.

चिंगीशी मी मराठीतच बोलते. बस, आडवी हो, बाजूला. नियमांना त्याचं काही नाही. एक मात्र झालं. जेवताना भात वाढते आणि हे "बस, बस" म्हणतात, की चिंगी टेबलाखाली टुणकन बसते आणि खाऊची वाट बघते.

पहिली परीक्षा २०२३ च्या नोव्हेंबरात होती. लेक सुट्टीला घरी होती, तीही आली. आधी आम्हा माणसांना कुत्र्यांवाचून मार्ग चालून बघू देतात. वीसेक बायका-पुरुष मोकळ्या डाव्या हाताकडे बघत, हवेशी बोलत, गोल गोल फिरतात. बाहेरच्या माणसाला वेड्यांची जत्राच वाटेल. मग आमचा नंबर आला. परीक्षकबाईंनी "तयार?" म्हणून विचारलं आणि मी मान हलवली. हात गार पडले होते. आत खाऊ न्यायचा नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही. बोलायला मात्र पूर्ण मुभा असते, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. दुसऱ्या पाटीला ती बसली नाही. मी दोरी ओढली. चौथीला पुन्हा ओढली. सहाव्या पाटीपाशी चिंगीनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि दालनाच्या मधोमध शू केली. गडबडीत मीच तिला बाहेर न्यायची विसरले होते. शू झाली की खेळ संपला, बाकीचं कितीही चांगलं असो.

गाडीत बसल्यावर माझी जीभ सुटली. "चार महिने शिकवतेय, रोज शिकवतेय, आणि सगळ्यांसमोर ही शोभा!" चिंगी मागे लेकीच्या मांडीवर होती. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग लेक म्हणाली, "आई, तिला नाही गं कळत तू काय बोलतेयस. मला कळायचं."

"काय कळायचं?"

"सहावीत मला गणितात ९१ मिळाले होते. तू गाडीत विचारलंस, उरलेले नऊ कुठे गेले?"

ती चिडून बोलली नाही. रस्त्यावरची एखादी पाटी वाचावी तसं बोलली. मला आठवेना. खरंच आठवेना. संध्याकाळी पोळ्या लाटताना आठवलं. त्या दिवशी नंतर तिला आइस्क्रीम खायला नेलं होतं हेही आठवलं. ते तिला आठवत नव्हतं, आणि मी सांगायला गेले नाही. तिला बहुधा ते सारवासारव वाटलं असतं.

शिकवणाऱ्या बाईंनी मला अगदी सुरुवातीला एक गोष्ट सांगितली होती. "कुत्री नीट चालते तेव्हा तुम्ही गप्प असता, आणि चुकली की बोलता." शाबासकी त्या क्षणाला द्यायची. थोडा उशीर झाला की कशाची शाबासकी हे तिला कळत नाही. हे मी मान डोलावून ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. आता करायला घेतलं तेव्हा कळलं की चांगलं चाललेलं मला दिसतच नाही. माझी नजर चुकीवरच जाते, तांदूळ निवडताना खड्यावर जाते तशी. हिवाळाभर गॅरेजात पुठ्ठ्याच्या पाट्या मांडल्या आणि दर तीन पावलांना "शाबास गं बाई, शाबास" म्हणायची शिस्त लावून घेतली. पहिले पंधरा दिवस आवाज खोटा निघायचा. चिंगीला तोही चालत होता.

२०२४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा उभी राहिले. तिला आधी दोनदा बाहेर नेऊन आणलं. ह्या वेळी तोंड चालू ठेवलं, मांडीवर थाप मारली, टाळ्या वाजवल्या. पहिल्या पायरीला तेवढं चालतं. ८२ मिळाले आणि पास झाल्याची हिरवी फीत. अजून दोनदा पास व्हायचं होतं, पण मी ती फीत हातात घट्ट धरून बाहेर आले आणि पार्किंगमधूनच लेकीला फोन लावला.

"८२!" मी म्हणाले.

पलीकडे जरा शांतता. मग हसणं. "आई, उरलेले अठरा कुठे गेले?"

मग मी तिला सगळं सांगितलं. २७० अंशांची पाटी साफ चुकले, दहा. एक पाटी पुन्हा केली, तीन. दोरी पाच वेळा ताणली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"आणि चिंगीला काय दिलंस?"

"कोंबडी. अख्खी वाटीभर."

"आइस्क्रीम नाही?" ती म्हणाली.