थोरल्याचा शर्ट, धाकट्याची लोकल

थोरल्याला आखूड झालेला शर्ट धाकट्याने वापरायचा, हा आपल्याकडचा घरोघरचा नियम. मुंबईच्या लोकलचंही तसंच. आणि मी पडलो मानखुर्दचा, म्हणजे हार्बरवाला, म्हणजे धाकटा! २०१५ साली पश्चिम रेल्वेवर बम्बार्डियरच्या नव्या गाड्या आल्या, आणि तिथल्या सीमेन्सच्या गाड्या आमच्याकडे यायला लागल्या.

पण मित्रांनो, धाकट्याचाही मान असतो. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची लोकल धावली ती व्हीटी ते कुर्ला, हार्बरवरूनच! १५०० व्होल्ट डीसीवर. आणि ९ एप्रिल २०१६ च्या रात्री शेवटची डीसी लोकल सुटली, तीही कुर्ल्याहून सीएसटीला, हार्बरवरूनच.

डोक्यावरची तार आता २५,००० व्होल्ट एसीची झाली होती. व्होल्टेज वाढलं की तेवढ्याच पॉवरला करंट कमी, तारेतला लॉस कमी, सबस्टेशनंही कमी लागतात. फर्स्ट इयरलाच शिकलो की हे! पण नुसत्या डीसीवरची गाडी या तारेखाली ढिम्म हलत नाही, मोटर कितीही धडधाकट असो. सीमेन्सच्या गाड्या मात्र एसी-डीसी दोन्हींवर चालायच्या. म्हणून त्यांची बदली झाली आणि इतरांना निवृत्ती मिळाली.

भंगारात कोण जाणार हे नुसतं वय ठरवत नाही, तारही ठरवते. फायनल इयरवाल्यांनो, आपली तारसुद्धा कधीतरी बदलणारच आहे. तेव्हा एकाच करंटवर अवलंबून राहू नका!